संशयाचं वय

माझा नवरा शीळ घालायला लागला तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला.

तो शीळ घालणाऱ्यातला नव्हता. एका ठेकेदाराकडे वायरमन. जवानीपासून विजेच्या खांबांवर चढलेला, कामापुरतं बोलणारा. जेवताना मीठ कमी असलं तरी न बोलता उठून मिठाची बरणी आणणारा. त्यातून आदलं वर्षभर तर तो फारच गप्प झाला होता. गुडघा दुखतो म्हणून खांबावर चढणं सोडलं होतं, ठेकेदारानं त्याला खालीच सामान मोजून द्यायच्या कामावर ठेवलं होतं. घरी आला की अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचा. जेवण अर्धं टाकायचा. मी काही विचारलं तर म्हणायचा, "काय नाय."

आणि मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा होऊन गेल्यावर एका सकाळी तो दाढी करताना शीळ घालत होता.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर. पुढच्या पडवीत माझं शिलाईचं मशीन. ब्लाऊज, परकर, शाळेचे युनिफॉर्म, नवऱ्याचे शर्ट, सगळं तिथंच शिवते. एकुलती मुलगी लग्न होऊन वाशिंदला गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. दोघंच असली की माणसं एकमेकांशी जास्त बोलत असतील असं लोकांना वाटतं. आमच्याकडे उलट झालं होतं.

त्याच वर्षी माझी पाळी गेली. आधी दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी येत, एकदाची थांबली. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? पण अंगातून मधूनच अशी वाफ निघायची की थंडीतही पदर ओला व्हायचा. कात्री हातात घेऊन कात्री शोधायची मी. एकदा गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या. मशीनवरून उठताना गुडघे धरायचे. झोप म्हणजे डुलकी, तीही तुटकी. आतल्या खोलीत गुदमरायला व्हायचं म्हणून मी माझं अंथरूण पडवीत, मशीनशेजारी हलवलं. त्याला सांगितलं, सकाळी लवकर कामाला बसायचं असतं. त्यानं मान हलवली. कारण विचारलं नाही.

शीळ सुरू झाल्यावर बाकीच्या गोष्टी मला एकेक करून दिसायला लागल्या. त्यानं केस काळे केले. भूक अशी वाढली की जेवून उठल्यावर तासाभरात डबे उघडून चिवडा शोधायचा. चालण्यात झोक आला. आणि दर पंधरवड्याला रविवारी सकाळी मोटारसायकल काढून म्हशाला जायला लागला.

"कुठं निघालात?"

"बहिणीकडं. बरेच दिस झाले."

त्याची धाकटी बहीण म्हशाला दिलेली. पहिल्यांदा मला बरंच वाटलं. तिसऱ्यांदा गेला त्या दिवशी मी नणंदेला फोन लावला, तांदळाच्या पापडांचं निमित्त काढून. बोलता बोलता म्हटलं, "दादांना जेवायला काय केलंस?"

"दादा?" ती म्हणाली. "दादा कुठं हाय? जत्रेला आल्ता तोच."

मी म्हटलं, असेल, मुरबाडला काम निघालं असेल. फोन ठेवला. समोर मशीनवर अर्धवट शिवलेला गळा होता. त्यावरून सुई चालवायला गेले तर पाय चालेचना.

दुपारी तो परत आला. मी विचारलं, "बहीण बरी हाय ना?"

"बरी हाय. तुला विचारत होती," तो म्हणाला आणि शीळ घालत हात धुवायला गेला.

त्या दिवसापासून मी पाळत ठेवणारी बाई झाले. शर्ट धुवायला घेतला की आधी हुंगायचा. खिसे चाचपायचे. तो फोनवर बोलत असला की मशीन थांबवायचं. शर्टाला बाईचा वास कधी आला नाही, पण न आलेल्या वासानंही संशय वाढतो. मला वाटायचं, ती हुशार असणार.

झोप पार उडाली तेव्हा शहापूरच्या एका डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासलं, प्रश्न विचारले. पाळी गेली हे मी पहिल्यांदा उघड बोलले ते त्यांच्यापाशी. अंगातली वाफ, विसरभोळेपणा, चिडचिड, सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे, शरीरात बदल चालू असतो तेव्हा मनही जागेवर राहत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं. मग मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, मला नवऱ्याचा संशय येतो."

त्या थोडं हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. "या वयात येतो तसा संशय. नवरा आता आपल्याकडे बघत नाही असं वाटतं. झोप लागायला लागली की कमी होईल."

मी घरी आले ती दुहेरी संशय घेऊन. नवऱ्यावर होताच, आता स्वतःच्या डोक्यावरही बसला. नणंदेनं फोनवर तसंच म्हटलं होतं ना, की मी ऐकण्यात चुकले? तो खरंच खोटं बोलला, की ह्या वयाची बाई असंच ऐकते? आपलंच मन साक्ष देईनासं झालं की घरात उभं राहायलाही भीती वाटते.

पण माप खोटं बोलत नाही, आणि त्याचे शर्ट मीच शिवते. त्यानं एक दिवस जुना खाकी शर्ट पुढं टाकला. "गळ्याचा बटन लागत नाय. थोडा सैल कर."

मी टेप लावला. गळा वाढला होता. पोट तर चांगलंच पुढं आलं होतं. म्हटलं, खातोय तेवढं. मग दंडाला टेप लावला आणि थांबले. दंड बारीक झाला होता. त्याच बाहीत आता हात काठीसारखा हलत होता. आमच्या धंद्यात जाड होणारी माणसं रोज बघते मी. माणूस जाड होतो तो सगळीकडून होतो. हा मधूनच फुगत होता आणि कडेनं वाळत होता. चेहरा तर पुरणपोळीसारखा गोल, गाल तांबूस. मनगटावर निळा डाग.

"हे काय लागलं?"

"काय माहीत. लागला असल."

"तुमी कुठं जाता रविवारी?"

त्यानं टेप माझ्या हातातून ओढून घेतला. "बहिणीकडं जातो सांगितला ना! किती येळा सांगायचा?" इतक्या मोठ्यानं तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. ओरडून झाल्यावर त्याचे डोळे भरून आले. तेही मी कधी पाहिलं नव्हतं. शर्ट तिथंच टाकून तो निघून गेला.

मी नणंदेला पुन्हा फोन केला आणि या वेळी खरं सांगितलं. तिनं दोन दिवसांत खबर काढली. दादाची गाडी म्हशाच्या अलीकडे, फाट्यावरच्या बंद भातगिरणीमागं उभी असते. तिथं एक खोली आहे. दारात एक बाई असते.

"वैनी, मी येऊ का सोबत?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. असल्या कामाला एकटीनंच जावं.

कामाचा दिवस बघून गेले, तो तिथं नसणार याची खात्री करून. मुरबाडहून रिक्षा केली. चांगली साडी नेसले होते. का ते विचारू नका. त्या बाईनं मला गबाळी बघू नये एवढंच डोक्यात होतं.

गिरणीमागं खोली होती. बाहेर पुरुषांच्या चपला. आत बाकावर दोन माणसं बसली होती, माझ्या नवऱ्याच्याच वयाची. मला बघून दोघांनी नजर जमिनीकडे वळवली. टेबलामागं चाळिशीची एक बाई, पुढ्यात स्टीलचे डबे.

"कोणाला पायजे?" तिनं विचारलं.

"माझ्या नवऱ्याची गाडी इथं येते," मी म्हटलं. आवाज चढवला होता मी.

"इथं सगळ्यांच्या नवऱ्यांच्या गाड्या येतात," ती शांतपणे म्हणाली. "बसा. वैद्य बाहेरगावी गेले हायेत. पुडी देते मी."

"कसली पुडी?"

"ताकदीची. डोंगरातल्या मुळ्या हायेत. या वयात पुरुष खचतो, बाय. बोलत नाय पण खचतो." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी घामानं निथळत होते आणि पदरानं मान पुसत होते. तिनं आवाज खाली आणला. "पाळी गेली ना तुमची? झोप नाय, गुडघे धरतात, रडायला येतं? बायांची पुडी वेगळी हाय."

माझ्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, लेकीनं नाही. भांडायला गेलेली मी तिच्यासमोर बसले, आणि तिनं पाणी दिलं ते प्यायले. पैसे देऊन पुडी घेतली. परतताना रिक्षात मला हसू आवरेना. बाई नव्हती! चोरून औषध घेत होता माझा नवरा, ताकदीचं. बिचारा. मी ठरवलं, त्याला काही कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी पुडी मी दुधातून घेतली.

दुपारपर्यंत माझे गुडघे दुखायचे थांबले. मशीनवरून उठून मी सरळ अंगणात गेले, विहिरीपर्यंत जाऊन आले. अंगात नवा दम. भूक अशी की सकाळची भाकरी कोरडीच खाल्ली. बरं वाटत होतं, फार बरं, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली. वर्षभर न गेलेलं दुखणं एका सकाळीत जातं कुठं?

माझं माहेर डोळखांबकडचं. आई ताप, खोकला, बाळंतपण सगळ्याला मुळ्या उगाळायची. मुळीला गुण यायला दिवस लागतात, आई म्हणायची, ती आधी तुझी परीक्षा बघते. मी उरलेली पुडी जिभेवर ठेवून पाहिली. आधी मुळीचा उग्रपणा आला. मग मागून एक कडू चव आली ती मुळीची नव्हती. मुलीच्या लहानपणी तिच्यासाठी चमच्यात चुरून द्यायचे त्या गोळीसारखी होती ती.

मी उरलेली पुडी रुमालात बांधून पुन्हा डॉक्टर बाईंकडे गेले. सगळं सांगितलं: शीळ, भूक, गोल चेहरा, वाळलेले दंड, निळे डाग, ओरडणं, रडणं. त्या या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा एकदा दंडाचं सांगायला लावलं.

"असल्या पुड्यांत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात कधी कधी," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला माणसाला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटतं. मग शरीर बिघडतं, मनही. तुमचा संशय मी वयावर ढकलला होता. चूक झाली." मग त्यांनी माझा हात धरला. "एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांनी हे एकदम बंद करायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हणून शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. एकदम थांबलं तर जिवावर बेतू शकतं. त्यांना माझ्याकडे घेऊन या."

मी त्याला सांगितलं, पण सांगायला हवं तसं नाही. तो जेवत होता. मी म्हटलं, "भातगिरणीमागच्या खोलीत जाऊन आले मी."

त्याचा हात ताटात थांबला. "तू माझ्या पाळतीवर हायस?"

"त्या पुडीत इंग्लिश गोळ्या हायेत. डॉक्टर बोलवतात."

"गावभर सांगून आलीस? डॉक्टरला, बहिणीला?" तो उठला. "मी काय आजारी नाय. मी बरा झालोय, तेच तुला बघवत नाय."

पुढचे काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. किती उरल्यात ते बघायला मी त्याच्या पुड्या शोधत राहिले, सापडल्या नाहीत. माळ्यावर, गाडीच्या सीटखाली, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत. रविवारी तो म्हशाला गेला आणि तासाभरातच परत आला. काय झालं ते मला नंतर कळलं. खोलीला कुलूप होतं, वैद्य आणि ती बाई गाशा गुंडाळून गेली होती, कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून शीळ बंद झाली. भूक मेली. तो दिवसभर पडून राहायला लागला. मला वाटलं रुसलाय, आणि मीही अडून राहिले. पण रुसलेला माणूस चालताना भिंत धरत नाही. तो मोरीपर्यंत भिंत धरून गेला तेव्हा मी मशीनवरून उठले.

"पुडी घेतली का आज?" मी विचारलं.

"मी असल्या पुड्या घेत नाय," तो म्हणाला. अजूनही खोटंच.

दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी धुता धुता त्याला उलटी झाली आणि तो तिथंच बादलीशेजारी आडवा झाला. अंग गार, घामेजलेलं. शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये घालून आम्ही त्याला शहापूरला हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्तदाब बघितला आणि पुन्हा बघितला.

"काही औषध चालू होतं?"

"काय नाय," नवरा पुटपुटला.

"होतं," मी म्हटलं. "जत्रेपासून. पुडीत स्टेरॉइड होतं असं डॉक्टर बाई म्हणाल्या. ती एकदम बंद झालीय बहुतेक." आणि त्या डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं.

डॉक्टर लगेच कामाला लागला. सलाईन, इंजेक्शन. संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या ओठांना रंग आला. मुलगी वाशिंदहून धावत आली, बापाचा हात धरून बसली आणि मग चहा आणायला खाली गेली. तेवढ्यात तो बोलला, छताकडे बघत.

"गुडघा दुखत नव्हता माझा."

मी स्टूल जवळ ओढलं.

"खांबावर होतो. रोजचाच खांब. वर गेलो आणि पाय थरथरायला लागले. खाली बघवंना. हात सुटंना. पोरांनी दोर टाकून उतरवला माला. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं. त्यानंतर काहीच जमंना. कामात नाय, घरात नाय. सकाळी उठायलाच नको वाटायचा. मंग तू पडवीत झोपायला लागलीस. माला वाटला, तुला कळला. तुला किळस आली माझी."

"किळस?" मी म्हटलं. "माझी पाळी गेली. आत गुदमरायचं माला."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कवा?"

"गेल्या वर्षी."

"मंग सांगितला का नाय?"

"तुमी खांबाचा सांगितला?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडे टक लावून बघत होती. मुलगी चहा घेऊन आली, तिनं आमचे चेहरे बघितले आणि विचारलं, "भांडलात का?"

तो बरा झाला तो हळूहळू. गोळ्या महिन्यामागून महिना थोड्या थोड्या कमी करत आणल्या. साखर वाढली होती ती उतरली. चेहऱ्याची सूज गेली. पण सूज गेल्यावर खालून तोच जुना, खुर्चीत बसून रस्ता बघणारा माणूस निघाला, आणि डॉक्टर बाई म्हणाल्या, खरा उपचार आता सुरू होतो. बायकांचं जसं एका वळणावर थांबतं तसं पुरुषांचं थांबत नाही, त्यांनी त्याला सांगितलं, हार्मोन उतारासारखे वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातात, आणि बऱ्याच जणांना कळतही नाही. त्यांनी त्याच्या हार्मोनची तपासणी पुढं, शरीर स्थिर झाल्यावर केली. रिपोर्ट वयाच्या मानानं ठीक आला. नवऱ्याचा विश्वास बसला नाही. त्यानं कुणाला न सांगता दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तिथंही ठीकच आला, तेव्हा तो नाराज झाला. रक्तात काही सापडलं असतं तर बरं, असं त्याला वाटत होतं. भीती सापडणं त्याला परवडत नव्हतं.

त्या भीतीसाठी तो कल्याणला मनाच्या डॉक्टरांकडे जायला लागला. पहिल्या वेळी मी आणि मुलगी सोबत गेलो, कारण तो वाटेतून परत फिरेल असा आम्हा दोघींना संशय होता. तिथं तो काय बोलतो ते मी विचारत नाही. विचारायचा मोह होतो. खांबावर तो आता चढत नाही. ठेकेदाराच्या गोडाऊनमध्ये मीटर दुरुस्त करतो, आणि नव्या पोरांना चढण्याआधी पट्टा कसा तपासायचा ते शिकवतो. वाईट दिवस येतात. त्या दिवशी तो मला सांगतो, "आज नाय." एवढं सांगतो हेही खूप झालं.

भातगिरणीमागच्या खोलीबद्दल आम्ही आरोग्य केंद्रात सांगितलं. माणसं येऊन बघून गेली म्हणतात. खोली रिकामीच होती. नणंद परवा सांगत होती, तशीच एक खोली दुसऱ्या कुठल्या फाट्यावर उघडलीय. खरं की ऐकीव, माहीत नाही.

मी मात्र सुधारले नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका नवऱ्याचा शर्ट सैल करायला आणतात तेव्हा मी आधी विचारते, "दंडाला कसा होतो?" एकदोघींनी हसून सांगितलं. एकीनं शर्ट परत उचलला आणि म्हणाली, "तुमाला काय करायचंय गो?" ती पुन्हा आली नाही. मी तिच्या जावेकडून तिच्या नवऱ्याची चौकशी करत असते.

आणि नवरा? परवा मी कॅल्शियमची गोळी घेत होते. त्यानं डबी माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी करून वाचली, चष्मा लावून पुन्हा वाचली.

"कोणी दिली?"

"डॉक्टर बाईंनी."

"बघू," म्हणून त्यानं गोळी नाकाशी नेली. मग माझ्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या घेऊन, मी गिळेपर्यंत समोर उभा राहिला.